मास्तरची जांभई

दुपारची पाळी संपत आली की ऑपरेटरबाईंच्या टेबलाखालून एक लांबलचक जांभई ऐकू यायची. "सुटली का शाळा, मास्तर?" म्हणत बाई हसायच्या. बाई जन्मांध. इस्पितळाचा टेलिफोन त्या सांभाळायच्या, आणि मास्तर हा त्यांना रस्ता दाखवणारा कुत्रा.

पण मास्तरची शाळा सुटायची कसली! मोठ्या डॉक्टरांनी प्रथाच पाडली होती, की बाईंचं काम उरकलं की पेशंटांच्या विरंगुळ्यासाठी मास्तरला वॉर्डात फिरवायचं. कुणी त्याचे कान ओढायचं, कुणी त्याच्या गळ्यात पडून रडून घ्यायचं. एवढ्या कौतुकाला नाही कोण म्हणणार? बाईंचा ऊर भरून यायचा. तो सारखा स्वतःचे पाय चाटतोय हे त्यांना ऐकू यायचं, तेव्हा किती स्वच्छ बाई माझं लेकरू, असं त्या नवऱ्याला सांगायच्या. शेपटी पोटाखाली गेलेली त्या बिचारीला कशी दिसणार? ज्यांना धडधडीत दोन डोळे होते ते मात्र म्हणायचे, किती शांत आहे हो! शांत कसला डोंबलाचा? जीव मुठीत धरून बसायचा तो.

एका सकाळी फुटपाथच्या कडेला मास्तर थांबलाच नाही. मोटार करकचून ब्रेक लावून थांबली, म्हणून बाई वाचल्या. कुत्रं बिघडलं, असं शेजारीपाजारी बोलले. नवरा दोघांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी पंजे पाहिले. चाटून चाटून कातडी सोलवटली होती.

"जांभया फार देतो का?"

"देतो की. झोपाळूच आहे मेला," बाई कौतुकाने म्हणाल्या.

"झोपेच्या नाहीत त्या. आता पुरे, असं सांगत होता तो."

घरी येऊन बाई मास्तरला मिठी मारून खूप रडल्या. रडता रडता लक्षात आलं, की आपणही त्याच्या गळ्यातच पडलोय. त्यांनी हात काढून घेतले.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. मोटारीचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. रस्त्याचं जमत नसेल तर राहू दे, वॉर्डात तेवढा पाठवा, पेशंट वाट बघताहेत. नवराही म्हणाला, नुसतं बसायचं तर आहे, मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? बाईंनी फोन धरून ठेवायला सांगितला आणि खुंटीवरचा, रस्त्यात मास्तरला धरायचा दांडीचा पट्टा काढला. बक्कल वाजलं. पलंगाखालून नखं वाजत मास्तर आला, आणि सवयीने त्याने पट्ट्यात मान घातली. बाईंनी पाठीवर हात ठेवला. सगळं अंग लटलटा कापत होतं, तरी मान काही त्याने मागे घेतली नाही.

बाईंनी पट्टा सोडवला. "नाही पाठवणार," त्या फोनवर म्हणाल्या. "तो रोज नको म्हणत होता. मला कळलं नाही. पण डॉक्टर, तुम्हाला तर दिसत होतं."

दुसऱ्या दिवशी बाई पांढरी काठी घेऊन एकट्या निघाल्या. सवय मोडलेली, वाटेत खांबावर आपटल्या. इस्पितळात जो तो विचारत होता, मास्तर कुठाय? तो घरी आहे आणि आता घरीच राहील, एवढंच त्या सांगत होत्या.

संध्याकाळी कपाळावर टेंगूळ घेऊन त्यांनी दार उघडलं. मास्तर उठून आला नाही. पलंगाखाली तो चक्क घोरत होता. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता त्या आत गेल्या.