यादीतल्या मिसेस बाई

"मिसेस बाई इथेच राहतात ना?" यमुनानं यादीत बघून विचारलं.

दार उघडणारा माणूस क्षणभर गोंधळला. "बाई हे आडनाव नाही हो. गयाबाई माझी बायको. आम्ही वाघमारे."

"मी यमुना कांबळे. क्लिनिकमध्ये टायपिस्ट आहे. त्या स्मिअर टेस्टला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या तपासणीला, आल्या नाहीत, म्हणून..."

"जय भीम ताई, आत या. ती फेब्रुवारीत गेली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर."

लंडनच्या ईलिंगमधला १९८९चा ऑक्टोबर होता. 'एशियन बायका तपासणीला येतच नाहीत, त्यांचं कल्चरच तसं,' असं डॉक्टर मीटिंगमध्ये म्हणाले होते. यमुनानं ते वाक्य टाइप केलं, पण तिला ते पटेना. न आलेल्या एकसष्ट जणींची यादी तिनं मागून घेतली आणि दर शनिवारी सहा-सात दारं वाजवू लागली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी मीनल नोकरीला बेसिंगस्टोकला. शनिवारी तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं.

"मिसेस बाईंची पत्रं यायची," हरिदास वाघमारे सांगत होता. "आम्हाला वाटलं, आधीच्या भाडेकरूची. परत पोस्टात टाकायचो. पुढं रक्त जायला लागलं तेव्हा ती स्वतः दोनदा क्लिनिकमध्ये गेली. काउंटरवरची म्हणाली, वाघमारे नावाची फाइलच नाही."

डिसेंबरात यमुनानं न येण्याच्या कारणांचा तक्ता मीटिंगमध्ये ठेवला. नाव चुकीचं लिहिलेल्या एकोणतीस, शिफ्टच्या वेळेत बोलावलेल्या बावीस, घर बदललेल्या सात. नकार देणाऱ्या फक्त तीन.

"ती वारलेली वगळा," मॅनेजर म्हणाले. "साठ हा सुटसुटीत आकडा आहे."

यमुना मीटिंगमध्ये कधी बोलली नव्हती. तिनं तक्ता पुन्हा पुढं सरकवला.

"ती दोनदा आली होती. आपल्याला ती सापडली नाही. एकसष्टच राहतील."

मार्चमध्ये फाइलींवरची नावं दुरुस्त झाली. दर गुरुवारी क्लिनिक संध्याकाळीही उघडं राहू लागलं. रिपोर्टवर मॅनेजरचं नाव होतं.

पहिल्या गुरुवारनंतरच्या शनिवारी यमुना पुन्हा हरिदासकडे गेली. "गुरुवारी सतरा जणी आल्या," तिनं सांगितलं.

"कितीपर्यंत असतं?"

"आठपर्यंत."

"तिची शिफ्ट सहाला सुटायची," तो म्हणाला. मग उठला. "चहा घेऊन जा, ताई."

त्यानं फडताळातून दोन कप काढले. दुसऱ्यावर धूळ बसली होती. तो त्यानं नळाखाली दोनदा धुतला.