गोजराबाईची हाळी

गोजराबाईचा आवाज देवाने दुसऱ्या कुणासाठी घडवला असावा आणि वाटपाच्या घाईत चुकून हिच्या गळ्यात घातला असावा, असं कामरगावात म्हणत. बाई अंगाने काटकुळी, उंचीने बेताची. पण मळ्यातून तिने नवऱ्याला हाक मारली की पलीकडच्या शिवारातली माणसंही 'ओ' देत. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या मोठ्या जावेने, कमलीबाईने, भर कार्यात विचारलं होतं, "अवं, हे बाई हाय का भोंगा?" बायका पोट धरधरून हसल्या होत्या. तेव्हापासून गोजराबाई गावात कुजबुजल्यासारखं बोलायची. भुलाबाईच्या गाण्यात नुसते ओठ हलवायची. लग्नात विडा तोंडात धरून बसायची, म्हणजे बोलायची वेळच नको. या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. टोमण्याइतकी टिकाऊ वस्तू अजून कुठल्या बाजारात आलेली नाही.

आवाज मोकळा सोडायला तिला एकच जागा होती, ती म्हणजे मळा. इंद्रभानचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, भाजीपाल्याचा मळा गावाला लागूनच होता. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेने रताळी. त्या रताळ्यांवर रानडुकरांचा डोळा. इंद्रभानने फटाके फोडून पाहिले, कुंपणाला साड्या बांधून पाहिल्या, भोंगा लावून त्यावर वाघाची डरकाळी वाजवली. डुकरं चार दिवस बिचकली आणि पाचव्या दिवशी वाघाच्या साक्षीने रताळी खाऊन गेली. शेवटी त्याने बायकोला बांधावर उभं केलं आणि तिची हाळी मोबाइलमध्ये भरून घेतली. "हाऽऽऽ हुर्रऽऽऽ! सर मांगंऽऽऽ!" मग ती पेन ड्राइव्हवर घालून भोंग्याला जोडली. डुकरं सोकावू नयेत म्हणून पाच हाळ्या झाल्या की थोडा वेळ शांतता, मग पुन्हा पाच, अशी त्याने रचना केली होती. त्या दिवसापासून डुकरं फिरकली नाहीत. इंद्रभान हे कौतुकाने सांगायचा आणि गोजराबाई त्याला डोळ्यांनी गप्प करायची.

त्यांची एकुलती एक लेक वर्षाराणी पुण्यात गाणं करत होती. तिचा पहिलाच अल्बम निघणार होता आणि त्यातलं नाचाचं गाणं सगळ्यांत आधी येणार होतं. वर्षाराणी ते ऐकवायला घरी आली. ठेका असा की बसल्या जागी पाय हलावेत. गोजराबाई मान डोलवत होती, आणि अचानक गाण्यातून, लेकीने बापाच्या मोबाइलमधून उचललेली, तिचीच हाळी बाहेर आली. बाईची मान डोलायची थांबली.

"हे काय करून राह्यली वं तू? ज्या आवाजानं डुकरं पयतात, त्याच्यावर मानसं नाचवतं काय?"

"माय, आख्खं गानं त्याच्यावरच उभं हाय."

"मंग पाड ते. बत्तीस वर्सं खाली मान घालून काढली म्या. तुही मोठी माय, कमलीबाई, मले जगू देनार नाई. काढून टाक, नाईतर मी तुह्या कार्यक्रमाले येत नाई."

वर्षाराणीने लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग तिने हाळी काढून टाकली. नवं गाणं गोजराबाईने ऐकलं. मिरची न घातलेल्या पिठल्यासारखं लागलं ते तिला. लेकीचं पहिलंवहिलं गाणं आपण आळणी केलं, हे तिला कळलं आणि टोचलंही. पण टोमण्याची भीती मोठी होती.

ठरलं असं होतं की रविवारी संध्याकाळी बाजाराच्या मैदानावर वर्षाराणी ते गाणं गावासमोर गाईल आणि सोमवारी ते जगभर जाईल. मागच्या वाद्यांचा पेन ड्राइव्ह तिने बापाजवळ दिला. डीजेवाल्या पवनला नेऊन द्यायचं एवढंच इंद्रभानचं काम होतं. पण जाता जाता तो मळ्यात शिरला, रात्री आपोआप सुरू होणाऱ्या भोंग्याला पेन ड्राइव्ह लावायला. दोन्ही पेन ड्राइव्ह काळे, दोन्ही एकाच खिशात. पुढचं सांगायला नको.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आसेगावचे पाहुणेसुद्धा जीप करून आले होते. गोजराबाई शेवटच्या रांगेत, विडा तोंडात धरून, शेजारी कमलीबाई. वर्षाराणी चमकत्या लुगड्यात मंचावर आली. लुगडं तिने नाचता यावं असं नेसलं होतं. ती म्हणाली, "पवनदादा, लावा."

"हाऽऽऽ हुर्रऽऽऽ! सर मांगंऽऽऽ!"

मंचाखाली झोपलेलं कुत्रं थेट एसटी थांब्यापर्यंत पळालं. पुढच्या रांगेतले सरपंच खुर्चीसकट मागे सरले. मग कुणीतरी ओरडलं, "अबे, हा त इंद्रभानच्या वावरातला भोंगा!" आणि मैदान हसून हसून लोळायला लागलं.

कमलीबाईने वळून पाहिलं. "घ्या! म्या तवाच म्हनलं होतं."

गोजराबाईने मान खाली घातली. पुन्हा तेच हसू, या वेळी आख्ख्या गावाचं. तिने विडा थुंकला, पदर डोक्यावर ओढला आणि ती निघाली. पवनचा हात बटणाकडे गेलेला तिने ओझरता पाहिला. तेवढ्यात माइकवरून लेकीचा आवाज आला.

"पवनदादा, हात लावू नका. वाजू द्या. हा माह्या मायचा आवाज हाय."

गोजराबाई थबकली, पण वळली नाही. पाठीमागे दुसरी हाळी झाली आणि तिच्यामागून लेकीची टाळी ऐकू आली. तिसरी हाळी, आणि मधल्या जागेत वर्षाराणीने गाण्याची ओळ बसवली. वाटेत आडवे येणाऱ्यांना बाजूला सारून पुढे निघालेल्या पोरीचं गाणं होतं ते. पवनही काही कच्चा नव्हता. त्याने खालून ठेका सोडला. चौथ्या हाळीला हसणं विरलं. पाचवीला सगळं मैदान पाय आपटत ओरडलं, "सर मांगं!" पोरी उठल्या, पोरं उठली, आसेगावचे पाहुणे उठले. सगळ्यांचे हात वर गेले, सहाव्या हाळीची वाट बघत.

आणि शांतता झाली.

ती इंद्रभानची शांतता होती, डुकरं सोकावू नयेत म्हणून ठेवलेली. ती किती लांब चालते हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं, इंद्रभानला आणि गोजराबाईला. मंचावर वर्षाराणी हात वर करून उभी होती. लोकांचे हात हळूहळू सैल पडायला लागले. आणखी दोन क्षण, आणि पोरीचं गाणं हातातून गेलं असतं.

गोजराबाईने पदर कमरेला खोचला, वळली आणि बांधावर उभी राहावी तशी पाय रोवून उभी राहिली.

"हाऽऽऽ हुर्रऽऽऽ! सर मांगंऽऽऽ!"

माइक नव्हता. लागलाही नाही. पुढची माणसं दचकून खरोखर बाजूला सरली आणि मैदानाच्या मधोमध मंचापर्यंत वाट मोकळी झाली. त्या वाटेने बाई हाळी घालत चालत गेली. वर्षाराणीने तिला हात देऊन वर घेतलं. त्यानंतर जे झालं त्याला नाच म्हणायचं की जत्रा, हे गावात अजून ठरलेलं नाही. सरपंच नाचले. इंद्रभान रडत रडत नाचला. कमलीबाई खुर्चीवर बसूनच होती, पण तिच्याही चपला ठेक्यात वाजत होत्या, हे गोजराबाईने वरून नीट पाहिलं. तेवढं पाहायचा तिचा हक्कच होता.

सोमवारी सकाळी इंद्रभान मळ्यातून आला तो डोक्याला हात लावून.

"अर्धी रतायी खनून नेली डुकरायनं. भोंगा त रातभर चालू होता."

भोंग्यावर रात्रभर काय वाजत होतं ते वर्षाराणीच्या ध्यानात आलं आणि ती हसत सुटली. "माय, माहं बिनहायीचं गानं वाजलं. त्याले डुकरंबी भ्याले नाई!"

"मंग असलं आयनी गानं जगात कायले धाडतं?" गोजराबाई म्हणाली. घरात ती प्रथमच मोकळ्या आवाजात बोलत होती. फडताळातली भांडी किणकिणली. "हायी घाल त्यात. आन माहं नाव बी घाल. पुरं घाल, गोजराबाई इंद्रभान."

दुपारी गाणं नावासकट गेलं.

संध्याकाळी गोजराबाईने उरलेली रताळी काढली. दोन टोपल्या भरल्या. एक घरची. दुसरी तिने बांधावर ठेवली, कमरेवर हात घेतले आणि गावाच्या दिशेने तोंड केलं.

"अवो कमलीबाईऽऽऽ! रतायी घिऊन जा वोऽऽऽ!"

सगळ्या गावाने ऐकलं. मग घरांच्या मागून कुठूनतरी, बारीक पण स्पष्ट, कमलीबाईने 'ओ' दिली.