फुली नसलेलं दार

भिंगरीच्या आत्याला जुन्या खेळण्यातल्या मालगाड्यांचं वेड होतं, आणि वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. लोक गंजलेले, चाकं हरवलेले, पोचे पडलेले डबे घेऊन तिच्याकडे यायचे आणि ती बंद गॅलरीतल्या टेबलावर त्यांना पुन्हा माणसांत आणायची. सुटे भाग कुठेच मिळत नसत. बनवणाऱ्यांची दुकानं कधीच उठलेली. मग हेअरपिनचा हूक, स्टेपलरच्या पिनांची शिडी, टिचबटणाचं ब्रेकचं चाक. घरात काहीही सापडेनासं झालं की भिंगरीची आई म्हणायची, "आधी ताईंच्या गाडीला लागलंय का बघा."

आत्याचा नियम एकच. घरी केलेल्या भागावर आतल्या बाजूनं सुईनं बारीकशी फुली मारायची. जुनं ते जुनं, नवं ते नवं. दुरुस्ती करायची, बनवाबनवी नाही.

या सुट्टीत तिनं भिंगरीला पहिल्यांदाच अख्खं काम सोपवलं: एका तपकिरी डब्याचं हरवलेलं सरकतं दार. झालं, बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनात. टाल्कम पावडरच्या डब्याचा पत्रा कापला, दुसऱ्या बाजूचं जुनं दार समोर ठेवून तस्साच पोचा पाडला, रंगात काजळी कालवली, जीन्सच्या तुकड्यानं घासघासून कडा झिजवल्या. दोन्ही दारं शेजारी ठेवली तर तिची तिलाच ओळखू येईनात. आता एवढ्या देखण्या कामावर आपल्याच हातानं ओरखडा काढायचा? आत्यानं विचारलं, "फुली मारलीस ना?" आणि ही "हो गं" म्हणून मोकळी झाली.

डबा न्यायला त्याचे मालक आले. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायची सवय तशीच. डबा आणून टाकला होता त्यांच्या धाकट्या भावानं, तो जवळच राहायचा म्हणून. डॉक्टरांनी नवं दार सरकवलं, पुन्हा सरकवलं, काढून उलटंपालटं केलं. भिंगरी शाबासकीची वाट बघत उभी.

"हे तर आमचंच दार," ते म्हणाले.

भिंगरीच्या मनात लाडू फुटले. खुद्द मालक फसला!

मग डॉक्टर सांगत बसले. लहानपणी हे दार नाहीसं झालं आणि आळ आला धाकट्यावर. तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं दारचोर. त्याच्या लग्नात, त्याच्या मुलांसमोर, नातेवाइकांच्या घोळक्यात, दारचोर. आता म्हातारपणी उपरती झालेली दिसते, दार गुपचूप डब्यात टाकून गेला असणार. आत्या म्हणाली, तसं नाही हो, दार आमच्या भिंगरीनं केलंय. फुलीचा नियम ठाऊक असलेल्या डॉक्टरांनी दार आत्यापुढे धरलं. तुमची फुली कुठंय मग?

आत्यानं आतली बाजू उजेडात धरली. मग भिंगरीकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तोवर डॉक्टरांनी फोन लावलासुद्धा, आणि तुम्हीही ऐका म्हणून स्पीकरवर टाकला. "काय दारचोर, टाकलंस ना शेवटी आणून?"

पलीकडून एक थकलेला आवाज आला. "मी नाही रे घेतलं, दादा. किती वेळा सांगू?"

भिंगरीच्या कानांतून वाफा निघाल्या. जमीन दुभंगावी म्हणतात ते तिला आजवर उगाच वाटायचं.

"काका, ते मी केलंय," ती म्हणाली. "फुली मी मारलीच नाही. आत्याशी खोटं बोलले."

डॉक्टर कौतुकानं हसले. बाळ, माझ्या भावाला वाचवायला बघतेस होय? असलं दार तुझ्याच्यानं होणार आहे का?

बोलून भागेना तेव्हा तिनं ब्लेड उचललं आणि जपून झिजवलेला तो तपकिरी रंग खरवडायला घेतला. खालून गुलाबी पाकळी निघाली, मग पावडरच्या कंपनीचं अर्धं नाव. आत्यानं तोंड फिरवलं. डॉक्टर त्या पाकळीकडे बघत खुर्चीत टेकले, आणि फोन त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

"दादा? आहेस का?"

डॉक्टरांनी हातानंच भिंगरीला खूण केली, तू बोल.

"काका, तुम्ही मला ओळखत नाही," ती कशीबशी म्हणाली. "दार मी पत्र्याचं केलंय, आणि ते नवं असल्याची खूण केली नाही. तुम्ही दार आणलं नव्हतं."

"ते मला माहीतच आहे, बाळा. दादाला कळलं का?"

"कळलं."

"मग तो का बोलत नाही?"

भिंगरीनं फोन उचलला, डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला, आणि ते मान वर करीनात तरी तसाच धरून उभी राहिली.