अमीनभाईचा वाकस

कोंडाजीचा सखाराम, सखारामाचा धोंडी आणि धोंडीचा नथू, असे हे इंदुरीच्या सुतारांचे घराणे. इन्फ्लुएंझाच्या साली धोंडी गेला, तेव्हा अमीनभाई लोहाराने नथूला लाकूड तासायचा नवा वाकस घडवून दिला. "मोल नको, माज्या घरचं एक काम करून दे," एवढेच तो म्हणाला. नथूने तो वाकस तेल लावून फडक्यात जपला आणि बापाच्या झिजलेल्या वाकसावरच वीस वर्षे काढली.

अमीनभाईचा मुलगा नसीर थट्टा करी, "भाऊ, हत्यार हाय का बायकूचा दागिना?"

"तुज्या घरचं काम निगू दे, मग काडीन बाहिर."

एका सकाळी नसीर दारात उभा राहिला. "अब्बा गेलं. कबरीला फळ्या पायजेत."

नथूने फडके सोडले. त्याला रडू येईना. हात तेवढे चालत होते. आंब्याच्या जुन्या लाकडात खिळा दडला होता. त्यावर घाव बसला आणि पात्याचा तुकडा उडाला. नथूने उरलेल्या धारेने फळ्या पुऱ्या केल्या.

नसीरने पाते पाहिले. "लय जपला हुता तुमी."

"व्हय," नथू म्हणाला, आणि त्याने तो वाकस न पुसताच बापाच्या वाकसाशेजारी ठेवला. अमीनभाईचे देणे पुरते फिटले होते.