गट्टी आयिल

मी वापरलेलं इंजिन ऑइल बोलतोय. म्हैसूरजवळ हिनकलच्या एका गॅरेजात, तोंड कापलेल्या डब्यात पडून आहे. वर करून बोलायला मला तोंड उरलेलं नाही, आणि ते बरंच आहे.

जन्मलो तेव्हा मी सोनेरी होतो. कारखान्यात माझ्यात कसली कसली औषधं मिसळली. त्यातलं मुख्य कॅल्शियम, म्हणजे चुन्याच्याच घराण्यातलं. ते आम्ल मारतं, इंजिनात काजळी साचू देत नाही. मला त्याचा भारी अभिमान होता. मग मला डब्यात भरलं. डब्याच्या पुढे धावत्या गाडीचं चित्र, आणि मागे बारीक अक्षरांत मी कुठल्या इंजिनाला चालतो ते. चित्र सगळे बघतात. मागची बाजू कोण बघतो?

शहरातल्या देवराज मोहल्ल्यात रघूत्तमच्या ऑइलच्या दुकानात मी चार महिने फळीवर बसून होतो. एक दिवस शामसुंदरराव आले. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, आजोबा कापड रंगवायचे. एकच गाडी सव्वीस वर्षं स्वतःच्या हातांनी सांभाळलेली, त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरात शब्द त्यांचा. रघूत्तमनं विचारलं, गाडी कुठली? त्यांनी तो प्रश्न हातानंच उडवून लावला.

"पेट्रोल गाडी. गट्टी आयिल कोडी."

कानडीत कोडी म्हणजे द्या, आणि गट्टी म्हणजे भक्कम, दाटही. त्यांच्या घरच्या मराठीत घट्ट आणि गट्टी कधीचे एक झालेत. रंग गट्टी हवा, दही गट्टी हवं, तसं ऑइलही गट्टी. जे दाट ते चांगलं. मी दाट होतो, म्हणून फुशारकीनं त्यांच्या पिशवीत बसलो.

गाडी त्यांच्या लेकीची होती. मेघाश्री कृष्णराजनगरच्या कॉलेजात शिकवते. रोज दोन बस बदलून जायची. छत्तिसाव्या वर्षी भीत भीत गाडी शिकली आणि एक जुनी गाडी घेतली, जुनी पण टर्बोची. थोरला भाऊ सुदीप म्हणत होता, हिला जमायचं नाही. अप्पांनीच, म्हणजे शामसुंदररावांनी, तिची बाजू घेतली, शेजारी बसून तिला शिकवलं.

रविवारी त्यांनी मला इंजिनात ओतलं. नरसाळं मेघाश्रीनं धरलं होतं. गाडीच्या पुस्तकात एकदा बघूया का, असं तिनं विचारलंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, पुस्तकं कॉलेजात वाच.

त्यांच्या जुन्या गाडीत मी इमानानं राबलो असतो. पण या इंजिनात टर्बो हवा कोंबतो आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. ते पेट्रोल भिंतीवरून मला धुऊन काढतं. मग आम्ही दोघं मिसळून पिस्टनच्या कडेच्या खाचेत दबा धरून बसतो. गाडी वेगात असेल तर फारसं बिघडत नाही. पण अप्पांची शिकवण वेगळी होती. "चाळीसला टाप गेअर टाक मेघा, पेट्रोल उरतंय." ती मुकाट्यानं तसंच करायची.

टॉप गेअर, कमी वेग, आणि ट्रॅक्टरला मागे टाकायला तिनं दाबलेला पाय. इंजिन कण्हायचं. खाचेतला माझा थेंब उडायचा आणि प्लगची ठिणगी पडायच्या आत पेटायचा. त्याला पेटायला मदत करणारं माझंच लाडकं कॅल्शियम. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून हा घाव. पहिल्यांदा टक् झालं तेव्हा तिनं रेडिओ बंद करून कान दिला. मला कळलं होतं. मी काय करणार होतो? फसवण्याला आपल्यात चुना लावणं म्हणतात. मी तो अक्षरशः लावला, तोही माझ्यावर विसंबलेल्या बाईला.

अकराव्या दिवशी कॉलेजातून परतताना एका चढावर पिस्टनची कड तुटली. निळा धूर निघाला, गाडी ओढून इथे आणली.

निशांत मेकॅनिकनं घरच्या तिघांसमोर इंजिन उघडलं. सुदीप सगळ्यांदेखत म्हणाला, मी सांगितलं होतं, हिच्या हातात गाडी टिकायची नाही, उद्यापासून बसनं जाऊ दे. मेघाश्रीनं किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सुदीपही फोन करायला बाहेर गेला.

तेव्हा निशांतनं ऑइल कुठलं घातलं ते विचारलं. शामसुंदररावांनी डिकीतला माझा रिकामा डबा आणून दिला. निशांतनं मागची बारीक अक्षरं वाचली आणि कानडीत हळूच सांगितलं, हे जुन्या इंजिनांचं, याला चालत नाही. त्यात कमी वेगात टॉप गेअरला पाय दाबला की पिस्टनवर घावच बसतो.

शामसुंदररावांनी चष्मा लावून ती अक्षरं स्वतः वाचली. मग ट्रेमध्ये ठिबकणाऱ्या माझ्याकडे बघत राहिले. हे ठाऊक त्या दोघांनाच, आणि त्यांनी सांगितलं असतं तर निशांतही गप्प राहिला असता. सव्वीस वर्षांचा मान तसाच राहिला असता. खरं सांगतो, त्यांनी गप्प बसावं असं मला वाटलं. माझीही लाज झाकली गेली असती.

त्यांनी दोघांना आत बोलावलं. सुदीप पुन्हा काही बोलू लागला.

"सुम्ने, गप बस रे. हिनं काही बिघडवलं नाही. आयिल मी घातलं. गेअरही मीच शिकवला."

सुदीप खाली बघू लागला. मेघाश्री अप्पांजवळ आली.

"मला वाटलं, माझा हातच वाईट अप्पा. मी परत स्टेरिंगला शिवणार नव्हते."

अप्पांनी किल्ली उचलून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

नवा पिस्टन बसला. माझ्याहून पातळ, पण त्या इंजिनाला चालणारं ऑइल आत गेलं. ती स्वतः गाडी चालवत गेली.

मी इथेच आहे. जुनं तेल नेणारा आला की जाईन. तुम्ही आमच्यापैकी कुणाला घरी नेणार असाल, तर डबा उलटा करून मागचं वाचा, एवढीच विनंती. शामसुंदररावांनी आपला वाटा त्याच दिवशी सांगून टाकला. माझा राहिला होता, तो आज सांगितला.