पाचावर न टिकणारं युरेनियम

सांगून कुणाला पटायचं नाही, पण नखाएवढ्या युरेनियमने एका सरळमार्गी बाईला इतकं पळवलं, की प्रयोगशाळेची फरशी दाराशी बोटभर झिजली. हवं तर मोजून या.

बाई संशोधक. चार वर्षं खपून तिने एक संयुग बनवलं होतं. त्यातल्या युरेनियमने पाच इलेक्ट्रॉन गमावलेत, असा तिचा दावा. आता युरेनियम चारवर सुखी, सहावर सुखी. पाचवर मात्र उंबऱ्यात अडलेल्या पाहुण्यासारखं, धड आत नाही की बाहेर नाही. दावा खरा ठरला तर प्रबंध पुरा, नाहीतर चार वर्षं पाण्यात. तपासायला क्षकिरणांचा झोत मिळाला होता दीड दिवस. आज दुपारी बारा वाजता मुदत संपायची.

रीत सोपी. संयुगाची दाबून केलेली वडी हवाबंद डबीत ठेवायची आणि तिच्यावर सोडलेल्या झोताची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची. एका ठिकाणी युरेनियम एकदम घटाघटा किरण प्यायला लागतं आणि आलेख उभा चढतो. इलेक्ट्रॉन जितके जास्त गमावलेले, तितकी ती चढण पुढे.

पहिल्या फेरीत चढण बरोब्बर पाचच्या जागी आली. बाई टुणकन उडाली. त्याच जागेवरच्या दुसऱ्या फेरीत चढण मागे सरकली. तिसऱ्या फेरीत आणखी मागे, चारकडे. बाईची पाचावर धारण बसली.

"यंत्र हललंय, काका!"

यंत्र सांभाळणारे काका निवृत्तीला टेकलेले. "इट्रियमचा पत्रा बघ की. दर फेरीला त्याचीही चढण मोजतो आपण. तो तसूभर हललेला नाही."

"मग डबीत हवा शिरली!"

"हवेने इलेक्ट्रॉन ओढले असते, चढण पुढे गेली असती. ही मागे चाललीय." काकांनी चष्मा पुसला. "झोतच बिघडवतोय त्याला. तेच तेच विचारलं की आमची हीसुद्धा जबाब बदलते."

"काकू? मग तुम्ही काय करता?"

"एकदाच विचारतो. आणि हळू आवाजात."

म्हणजे झोत मंद करायचा, आणि दर फेरीला वडीवरची कोरी जागा. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला, "तीन कोऱ्या जागा, तिन्ही सारख्या. त्याशिवाय मी सही करणार नाही." सकाळची पहिली फेरी कोऱ्या जागेवरचीच, ती एक धरली तरी अजून दोन हव्यात. मंद झोताची फेरी तासाभराची, आणि घड्याळात साडेदहा.

तो तासभर बाई खुर्चीत बसली, उठली, पेनाचं टोपण चावून चपटं केलं, पुन्हा उठली. साडेअकराला रेषा आली. पाच! पहिलीवर चपखल बसली. पण तिसरीला तास कुठला?

काका डबी काढायला आत गेले. बाईने आत्ताच्या मंद फेरीची फाइल उचलली, तिची नक्कल केली, नाव बदललं, रेषा केसभर वर सरकवली.

ठीक बाराला सर आले. पडद्यावर तीन रेषा, खांद्याला खांदा लावून.

"वा! तिन्ही कोऱ्या जागा?"

"तिन्ही, सर."

सरांनी सहीसाठी पेन काढलं. मागून काका पडद्याजवळ वाकले, बोट टेकवलं.

"खोटं बोलतेयस, पोरी. अकराला झोत क्षणभर लवला, त्याचा हा खड्डा दुसऱ्या रेषेत आहे. तिसरीतही तोच खड्डा, त्याच जागी. झोत आज एकदाच लवलाय."