हात कुणी धरायचा

"मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल पोरी, ते इथं फेडावंच लागतं," हरिहरकाका म्हणाले.

विजयश्रीने पट्टी बांधलेला उजवा हात उशीवर टेकवला. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनखाली तिची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून दिघीच्या त्या दोन खोल्यांत समजूत घालणाऱ्यांची रीघ लागली होती.

"काका, जो गुन्हा मला आठवतसुद्धा नाही, त्याची शिक्षा भोगून मी शिकायचं काय?"

काका चहा संपवून उठले.

"देव परीक्षा बघतो गं," आई म्हणाली.

"पास झाले तर बोटं परत देईल?"

वडील, दत्तोबा, कोपऱ्यात बसले होते. लातूर सोडून आल्यापासून रोज दिवा लावणारा हा माणूस. पण अपघातानंतर त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

"आबा, देवावर कशाला रुसता? हात आत गेला की सेन्सर मशीन थांबवतो. माल कमी निघतो म्हणून माणसानंच तो बंद केला होता."

"व्हय. पर त्यो बंद करत व्हता, तवा देवानं त्याचा हात का न्हाई धरला?"

"ते मला माहीत नाही, आबा."

जखम भरल्यावर कंपनीने तिला पॅकिंगला बसवलं. एका दुपारी तिच्या जुन्या प्रेसवर दिव्या नावाची नवी मुलगी दिसली. सेन्सरचा दिवा विझलेला होता. विजयश्री उठली, मशीनचं लाल बटण दाबलं आणि दिव्याचं मनगट घट्ट धरलं.

सुपरवायझर दिग्विजय धावत आला. "कुणाला विचारून बंद केलंस? टार्गेट काय तुझा देव देणार?"

"आधी सेन्सर चालू करा."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. हिचा हात जायचा नाही."

तो पुढे सरकला. ती जागची हलली नाही. तेवढ्यात शेजारच्या भाग्यश्रीने आपलं मशीन थांबवलं. मग पलीकडचंही थांबलं. एरवी कधी ऐकू न येणारे शेडमधले पंखे ऐकू यायला लागले. शेवटी दिग्विजयने मेंटेनन्सला फोन लावला. सेन्सरचा दिवा लागला, तेव्हाच विजयश्रीने दिव्याचं मनगट सोडलं.

संध्याकाळी दत्तोबा तिला न्यायला आले. गेटवरच्या वॉचमनने सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "तुमची कोण ती?"

"लेक हाय माझी," दत्तोबा म्हणाले. आत कुणाला तरी ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

विजयश्री बाहेर आली. "उद्यापासून येऊ नको म्हणालेत, आबा."

"म्हनू दे."

कंपनीची बस निघाली. खिडकीतून दिव्याने हात हलवला. दत्तोबांनी तिची पाचही बोटं नीट पाहिली आणि बस वळेपर्यंत आपला हात वर धरून ठेवला.